रविवारची पहिली भट्टी

मामा,

तुमच्याकडून मी सगळ्यात आधी शिकले ते संशय घ्यायला. पोलाद त्यानंतर शिकले. हे मी कौतुकाने लिहितेय की तक्रारीने, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं होतील. जिवंत होतात तेव्हा एकदा समोरासमोर बोलायची संधी मिळाली होती आणि ती मी घालवली, म्हणून आता कागदावर.

बी.एस्सी. होऊन मी अंबडच्या त्या शेडमध्ये लॅबला लागले तेव्हा माझी समजूत अशी होती की लोखंड म्हणजे लोखंड आणि मशीनवर आलेला आकडा म्हणजे आकडा. द्वारका चौकातून सिटी बस पकडून मी आठच्या आत पोचायचे. शेडमध्ये दोन भट्ट्या, मधोमध जमिनीत उतरवलेली तेलाची टाकी, आणि कोपऱ्यात प्लायवूडच्या पार्टिशनमागे माझी लॅब. एक हार्डनेस टेस्टर, एक जुना मायक्रोस्कोप, एक हॉट प्लेट आणि डगमगतं टेबल. बाहेरच्या कारखान्यांचा माल आमच्याकडे यायचा. तो लाल होईपर्यंत तापवायचा, तेलात बुडवून कडक करायचा, मग पुन्हा थोडा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, आणि शेवटी मी त्याचा कडकपणा मोजून सर्टिफिकेटवर सही करायची. तुम्ही फोरमन. इगतपुरीहून सकाळच्या पॅसेंजरने यायचात, हातात कापडी पिशवी, तिच्यात डबा आणि चष्म्याचं घर. वय पन्नाशीच्या पुढचं. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे तुम्हाला मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले.

पहिल्याच सकाळी तुम्ही पार्टिशनच्या दारात उभे राहून मला काम करताना बघत होतात. मी मालातली एक जाड लोखंडी पिन मशीनवर ठेवली, दांडा ओढला, आकडा वाचला आणि वहीत लिहिला.

"हे मशीन खरं बोलतंय, हे तुला कोण बोललं?" तुम्ही विचारलंत.

मी म्हणाले, "मशीन आहे ना मामा, ते कशाला खोटं बोलेल?"

तुम्ही ड्रॉवर उघडून एक गोल, चकचकीत ठोकळा काढलात. त्याच्या कडेवर साठ हा आकडा कोरलेला होता. तो मशीनवर ठेवायला लावलात. काट्याने सत्तावन दाखवले.

"बघ. तीन पॉईंट खाल्ले त्याने. काल दिवसभर सगळा माल कमी भरला असंल." मग बोटं मोडत तुम्ही म्हणालात, "मशीनचा काटा खोटा. भट्टीवरचा काटा त्याच्याहून खोटा. आन् माल घेऊन येणारा तर लय खोटा. एका सळईचा म्हणून माल देतो आन् निघतो तीन सळयांचा. पहिलं खोटं धरायचं पोरी, मग खरं हाय का ते बघायचं."

महिनाभरानंतर तुम्ही मला ते चार तुकडे करून दाखवलेत. मी पुस्तकातल्या आकृत्या पाठ केल्या होत्या, पण समजलं ते त्या दिवशी. एकाच सळईचे चार सारखे तुकडे तुम्ही करवतीने कापलेत. चारही एकदम भट्टीत. तासाभराने चारही संत्र्याच्या सालीसारखे लाल. मग चिमट्याने एकेक बाहेर. पहिला पाण्याच्या बादलीत, दुसरा तेलात, तिसरा नुसता विटेवर हवेत, चौथा राखेच्या डब्यात पुरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला कानस दिलीत. "मशीन नंतर. आधी हाताने बघ." पाण्यातल्या तुकड्यावरून कानस काचेवरून सरकावी तशी सरकली, एक कणसुद्धा निघाला नाही. तेलातल्यावरही सरकली, पण तिचा आवाज जरासा वेगळा आला. हवेतल्यावर ती थोडी धरायला लागली. राखेतल्याला तिने असं खाल्लं की बोटांना चुरा लागला. "लोखंड तेच," तुम्ही म्हणालात, "लाली तीच. फरक कशात पडला? गार व्हायला किती वेळ दिला त्याच्यात." पाण्यातला तुकडा तुम्ही उजेडात तिरका धरलात. त्याच्या अंगावर केसाएवढी चीर होती. "लवकर गार केलं तर कडक होतं. लय लवकर केलं तर फाटतं."

मी ते तुकडे घासून गुळगुळीत केले, आम्लाचा हात दिला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवले. पाण्यातल्यात सगळीकडे बारीक सुया, गवताची पात्यांवर पाती पडावीत तशा. राखेतल्यात सुई एकही नाही, नुसते पांढरे आणि करडे ठिपके, शेजारी शेजारी निवांत बसलेले. मधल्या दोघांत या दोन्हींमधलं काहीतरी. तुम्ही चष्मा काढून डोळा लावलात आणि बराच वेळ बघत राहिलात. "तीस वर्षं मी हे हाताने वळखत आलो," तुम्ही म्हणालात, "आतून असं दिसतं ते आज बघतोय." त्या क्षणी तुम्ही माझ्याकडून काही शिकलात असं मला वाटलं, आणि घरी जाताना बसमध्ये मी उगाचच ताठ बसले होते.

ताठपणा फार टिकला नाही. पुढच्याच आठवड्यात तुम्ही माझी वही सगळ्यांसमोर उघडलीत. प्रत्येक पिनेवर मशीनचं टोक पाच ठिकाणी टोचायचं अशी तुमची पद्धत. त्या दिवशी माल खूप होता, मी तीन ठिकाणी टोचून पाच आकडे लिहिले होते.

"तीन भोकं दिसत्यात," पिन माझ्या नाकासमोर धरून तुम्ही म्हणालात. "बाकीचे दोन आकडे कुठून आणले? घरून?"

मी पेनाने ते दोन आकडे खोडायला लागले.

"तू लिहितेस त्याच्यावर कुणीतरी भार टाकणार हाय. लिहायचं तर टोचून लिही. नायतर लिहू नको."

मी पार्टिशनच्या मागे जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही टेबलावर एक कानस ठेवून गेलात. जुनी, अर्धगोल, मूठ नवीन बसवलेली. ती मूठ तुम्ही घरी आंब्याच्या फांदीची घडवली होती हे मला फार नंतर कळलं. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय. तुम्ही मला वाईट वागवलं म्हणून मी तुमच्या विरोधात गेले, असं कुणाला वाटू नये. तुम्ही मला चांगलंच वागवलंत. मी तरीही गेले.

पिना परत यायला लागल्या त्या दुसऱ्या वर्षी. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडायच्या त्या जाड पिना. गिऱ्हाईक त्यांच्यावर लाल रंगाची फुली मारून परत पाठवायचा. कुठे चीर, कुठे एका बाजूने कडक आणि दुसऱ्या बाजूने मऊ. एखादी पिन कापून मायक्रोस्कोपखाली घातली की सुयांच्या मधेच काळे डाग दिसायचे, म्हणजे तेवढी जागा हळू गार झालेली. कारण तुम्हीच मला सांगितलं होतंत. लाल पिन तेलात गेली की तिच्याभोवती आधी वाफेचं पांघरूण बसतं. ते सगळीकडून एकसारखं सुटलं तर पिन एकसारखी गार होते. एकीकडे लवकर सुटलं आणि दुसरीकडे चिकटून राहिलं तर एकाच पिनेत दोन स्वभाव, आणि त्यांच्या ओढाताणीत चीर. म्हणजे दोष तेलात किंवा बुडवण्यात. आणि बुडवणारे तुम्ही.

परत आलेल्या पिनांवरचे नंबर मी रजिस्टरशी ताडून पाहिले. आमची सुट्टी शनिवारी. खराब झालेला बहुतेक सगळा माल रविवारच्या पहिल्या भट्टीचा निघाला. रविवारची पहिली भट्टी दुसऱ्या कुणाच्या हातात तुम्ही कधीच दिली नाहीत. एवढंच नाही, रविवारी तुम्ही नेहमीच्या पॅसेंजरच्याही आधीची गाडी पकडून यायचात. वॉचमनने सहज सांगितलं आणि माझ्या मनात ते रुतलं.

पुढच्या रविवारी मीही लवकर आले. शेडचं शटर अर्धं वर. आत भट्टी नुकती पेटवलेली. तुम्ही टाकीच्या मागच्या बाजूने दोन कॅन उचलून मागच्या दाराने बाहेर चाललात, कॅन जड, खांदे खाली गेलेले. कंपाउंडच्या भिंतीकडे गेलात आणि थोड्या वेळाने रिकाम्या हाताने परत आलात. मला बघून थबकलात.

"आज लवकर?"

"बस लवकर मिळाली. काय होतं मामा कॅनमध्ये?"

"काय नाय. गाळ."

तुम्ही माझ्या डोळ्यांकडे न बघता बोललात. पिनेकडे, काट्याकडे, माणसाकडे सरळ बघून बोलणारे तुम्ही. त्या दिवशी मी तुमच्याकडून शिकलेली गोष्ट तुमच्यावरच वापरायला सुरुवात केली. पहिलं खोटं धरायचं.

एकदा खोटं धरलं की सगळं जुळत जातं. इतर दिवशी तुम्ही म्हणायचात, मालाच्या जाळीत कुठूनही हात घालून पिन उचल. रविवारी तुम्ही स्वतः निवडून चार पिना आणून द्यायचात, "या घे." नेहमी वरच्या थरातल्या. एकदा मी वाकून तळातली एक उचलली, तर तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "ती नको. गरम हाय." ती गरम नव्हती, मामा. माझ्या तळहातावर ती चांगली थंड होती. मी तुम्ही दिलेल्या चारच घेतल्या. वहीत चार पिनांचे वीस आकडे लिहिले, प्रत्येक टोचून, आणि सर्टिफिकेटवर सही केली.

त्याच दिवाळीत तुम्ही आमच्या घरी नवा तांदूळ पाठवला होतात. आईने भात लावला तेव्हा स्वयंपाकघर त्या वासाने भरून गेलं. आई म्हणाली, "असा माणूस मिळायला नशीब लागतं बघ वरिष्ठ म्हणून." मी ताटावर बसले होते आणि मला त्या तांदळाचासुद्धा संशय येत होता. कशाबद्दल देतात हे? मी काय बघू नये म्हणून? तुम्ही मागे एकदा सांगितलं होतंत की घरावर नवे पत्रे टाकले. पत्रे कुठून आले? आईला मी कॅनबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "अगं, विचार ना त्यांना सरळ." मी म्हणाले, "चोर कधी सांगतो का?" चोर हा शब्द मी पहिल्यांदा तिथे, भाताच्या वाफेत उच्चारला.

मग सायखेड्याजवळ ती ट्रॉली सुटली. कांद्याने भरलेली. उतारावर पिन तुटली आणि मागून सायकलवर येणाऱ्या माणसाच्या पायावरून चाक गेलं. शेतमजूर होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तुटलेल्या पिनेचा नंबर आमचा निघाला, रविवारचा. सर्टिफिकेटवर सही माझी.

गिऱ्हाइकाचे इन्स्पेक्टर येऊन गेल्यावर मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते नेहमीसारखेच सौम्य होते. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मला अंदाज नकोत. तुम्हाला जेवढं दिसलं तेवढंच लिहून द्या."

मी लॅबमध्ये बसून लिहिलं. रविवारच्या पहिल्या भट्टीचा मालच खराब निघतो. फोरमन त्या दिवशी वेळेआधी येतात. टाकीजवळून कॅन बाहेर नेताना मी पाहिलं आहे. तपासणीच्या पिना ते स्वतः निवडून देतात. इथपर्यंत सगळं दिसलेलं होतं. मग मी पेन थांबवलं, आणि थांबून पुन्हा चालवलं. "टाकीतील तेल बाहेर विकून त्याऐवजी हलक्या प्रतीचे तेल मिसळले जात असावे, असा संशय आहे." हे मी कुठेही टोचून पाहिलेलं नव्हतं. हा आकडा मी घरून आणला होता. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तुम्ही बाहेर आलात, भट्टीवरच्या माणसाला तापमान किती ठेवायचं ते सांगितलंत, पिशवी घेतलीत आणि लॅबच्या दारात आलात. मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. खाली काचेवर काहीच नव्हतं.

"ठोकळा लावत जा रोज," तुम्ही म्हणालात. "आळस करू नको."

मी मान हलवली. तुम्ही गेलात.

तुमच्या जागी डिप्लोमा झालेला एक फोरमन आला. हुशार होता, वेळेवर यायचा, मला नमुना कुठूनही उचलू द्यायचा. आणि पिना फाटतच राहिल्या. आधीपेक्षा जास्त. रविवारी तर अर्धी जाळी लाल फुलीच्या लायकीची. दोन महिने मी स्वतःला सांगत राहिले की तुम्ही टाकीत मिसळून ठेवलेल्या तेलाचाच हा परिणाम आहे. मग टाकी पूर्ण रिकामी न करता वरचं बरंचसं तेल काढून नवीन भरलं. तरीही तेच.

शेवटी एका रविवारी मी शेड उघडल्या उघडल्या गेले आणि टाकीच्या मागच्या खड्ड्यात उतरून तळाचा कॉक उघडला. जवळजवळ दोन वर्षं मी त्या टाकीचं तेल तपासायला वरून डबा बुडवून घेत होते, तळाशी कधी हात घातला नव्हता. आधी आलं स्वच्छ पाणी. नळातून यावं तसं. मग दुधाळ काहीतरी, मग काळा गाळ, आणि मग तेल. मी त्या दुधाळ तेलाचा थेंब हॉट प्लेटवर टाकला. ओल्या कढीपत्त्याने फोडणी उडावी तसा तो तडतडला.

टाकीतलं तेल गार ठेवायला आत पाण्याची नळी फिरवलेली होती, ती कुठेतरी गळत होती. शनिवारी सगळं बंद, पण छतावरच्या पाण्याच्या टाकीचं पाणी नळीत उभं असायचं आणि थेंब थेंब तेलात उतरायचं. पाणी जड, ते तळाशी बसायचं. रविवारी सकाळी तेल हलवणारा टाकीतला पंखा फिरला की ते ढवळून वर. लाल पिन त्यात गेली की कुठे वाफेचा फुगा, कुठे तेल. तुम्ही जे लवकर येऊन कॅनमध्ये भरून नेत होतात ते हेच. जेवढं निघेल तेवढं पाणी पहिल्या भट्टीच्या आधी काढून टाकत होतात.

मी बाटलीत ते पाणी घेऊन केबिनमध्ये गेले.  मालकांनी बाटलीकडे पाहिलं आणि त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"माहितीये मला," ते म्हणाले. "मामा दोन वर्षं ओरडत होता, नळी बदला, नळी बदला. टाकी रिकामी करायची म्हणजे आठ दिवस शेड बंद. गिऱ्हाईक थांबतंय का? त्याला म्हटलं होतं, तू सांभाळून घे आणि लॅबला कळू देऊ नको."

"मग सर, मामांना का काढलं?"

"मी कुठे काढलं?" त्यांचा आवाज अजून सौम्यच. "इन्स्पेक्टरला काहीतरी दाखवायला लागणार होतं. कागद तुम्ही लिहिलात, मॅडम."

मी नोकरी सोडली नाही. हे तुम्हाला सांगायला हवं. सोडावी असं वाटलं, पण घरी मी एकटी कमावणारी होते, आणि पुढे तेही कारण राहिलं नाही तरी मी तिथेच राहिले. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत नळी बदलली गेली. पिना फाटायच्या थांबल्या. गिऱ्हाइकाने आमचं अभिनंदन केलं आणि मालकांनी मला क्वालिटीची इन्चार्ज केलं. तो कागद कुणी मागे घेतला नाही, मीही नाही.

त्या हिवाळ्यात मी इगतपुरीला आले. भात कापून झालेला, खाचरांत नुसती खुंटं, हवा बोचरी. तुमच्या घरामागे तुम्ही छोटी भट्टी मांडली होती आणि गावातल्यांचे विळे, कोयते यांना पाणी देत होतात. मला बघून उठला नाहीत. हातातला कोयता आधी पाण्यात फिरवलात, फक्त धारेकडची बाजू, आणि त्यावर चढत जाणारा पिवळा रंग नीट बघून पुन्हा बुडवलात. मग म्हणालात, "कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही मामा. मीच आले."

"मालकाने नाय पाठवलं?"

"नाही."

तुम्हाला ते पटलं की नाही ते मला कळलं नाही. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मग चहा. मी सांगितलं की नळीची गळती सापडली, मालकांनी सगळं कबूल केलं. तुम्ही ऐकत होतात. मग तुम्ही जे बोललात त्याची मी अपेक्षा केली नव्हती.

"पाणी काढत व्हतो ते मालकाने सांगितलं म्हणून. पण तुला वरच्या पिना निवडून देत व्हतो, ते कुणी सांगितलं नव्हतं. ते माझंच." तुम्ही कोयत्याची धार अंगठ्याने तपासत बोलत होतात. "वाटायचं, तुझ्या हातातनं माल नापास झाला तर मालक तुलाच घरी बसवील. नवीन पोरगी. आन् वाटायचं, दिवाळीपर्यंत रेटू. तवर त्या माणसाचा पाय गेला."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"जाऊन आलो मी सायखेड्याला. दोनदा. त्याला सांगितलं, पिन माझ्या हातची व्हती. तो म्हणला, आता सांगून काय उपेग."

मामा, मी सायखेड्याला आजपर्यंत गेलेले नाही. आणि त्या वेळी, तुमच्यासमोर बसून, तुम्ही एवढं सगळं उघड केल्यावरही माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. मला वाटत होतं, हे खरं असेल का? माझ्यासाठी पिना निवडत होते, की स्वतःची भट्टी वाचवायला? की मला ओशाळं करायला आता असं सांगताहेत? अजूनही कधी कधी वाटतं. तुम्ही लावलेली सवय आहे ती, जात नाही.

मग तुम्ही विचारलंत. मामी आत गेल्यावर, आवाज खाली आणून. "तो कागद कुणी लिहिला असंल गं? मालकाने नुसता लांबून दाखवला. वाचू दिला नाय."

मी म्हणाले, "माहीत नाही मामा. मालकांनीच बनवला असेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. काट्याकडे बघायचात तसं, पापणी न हलवता. "हां," तुम्ही म्हणालात. "तसंच असंल." आणि पुढचा विळा निखाऱ्यात सारलात. माझं अक्षर तुम्ही दीड वर्षं रोज वहीत वाचत होतात. लांबून दाखवला तरी अक्षर ओळखू येतं की नाही, हे मी तेव्हापासून अनेकदा करून पाहिलंय. कागद हातभर लांब धरते, मग दोन हात, मग भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहते. कधी येतं, कधी नाही.

त्या दिवशी मी तुमची माफी मागायला आले होते असं मी आईला सांगितलं, स्वतःलाही बरीच वर्षं तसंच सांगत होते. ते खरं नाही. तुम्हाला किती कळलंय ते बघायला आले होते. तुम्ही "तसंच असंल" म्हणालात आणि मला हलकं वाटलं, याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. पुढच्या पावसाळ्यात तुमची छाती भरली आणि तुम्ही गेलात. मला कळलं ते पंधरा दिवसांनी. तोपर्यंत सांगण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

मामी उरल्या आहेत. इगतपुरीचा पत्ता मला तोंडपाठ आहे, हे पत्र पाकिटात घालून टाकलं तर दोन दिवसांत त्यांच्या हातात पडेल. त्या सणावाराला मला फोन करतात, माझ्या मुलीची चौकशी करतात. म्हणतात, मी शेजारणींना सांगते, ह्यांच्या कंपनीत एकच माणूस सरळ होतं, ती लॅबवाली पोरगी, तीच तेवढी घरी विचारपूस करायला आली. मी फोनवर नाही म्हणत नाही. मला ते ऐकायला आवडतं.